कितोची शाल

आमच्या होटगीच्या घरात अव्वाचं, म्हणजे माझ्या आईचं, शिवणयंत्र खिडकीखाली आहे. त्याच्या डाव्या खणात सुया, बॉबिन, खडू आणि तेलाची कुपी असते, आणि पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर गुंडाळलेला लाल दोरा. दोरा दहा-बारा हात भरेल. एकदा शिवून उसवलेला असल्यामुळे त्याला बारीक लाटा पडल्या आहेत.

परवा माझ्या वहिनीने ब्लाउजचा हूक लावायला तो दोरा घेतला. एरवी कुणावर आवाज न चढवणारी अव्वा ओट्याजवळून ओरडली, "तो न्हाय! तो ठेव आधी. तो कितोचा हाय."

वहिनी घरात नवीन. तिने माझ्याकडे बघितलं. आमच्या घरात कितो नावाचं कुणी नाही. आमच्यापैकी कुणी त्याला कधी पाहिलेलंही नाही. त्याची बहीण मात्र दोन दिवस या घरात राहून गेली होती, आणि आज मी जी काही आहे त्यात तिचा फार मोठा वाटा आहे. वहिनीला मी तेव्हा थोडक्यात सांगितलं. पण थोडक्यात सांगून माझंच समाधान झालं नाही.

इनाली मॅडम सोलापुरात आम्हाला नर्सिंग शिकवायच्या. त्या नागालँडच्या. तिकडच्या पूर्वेच्या डोंगरात, म्यानमारच्या सीमेला लागून त्यांचं गाव. शिक्षण बेंगळुरूला झालं आणि तिथल्या एका मैत्रिणीच्या ओळखीने त्या आमच्या कॉलेजात आल्या. बुटक्या, चपळ, केस मागे घट्ट बांधलेले, आणि घड्याळाची तबकडी नेहमी मनगटाच्या आतल्या बाजूला. नाडी मोजताना हात फिरवावा लागू नये म्हणून. वर्गात त्या इंग्रजीत शिकवायच्या. पण मराठी त्यांनी कुठल्या पुस्तकातून नाही, थेट वॉर्डात, रुग्णांच्या तोंडून उचललं होतं. त्यामुळे व्याख्यान संपवून त्या आम्हाला विचारायच्या, "कळलं का न्हाय? कुटं अडलं? लाजू नगा की."

पहिल्या दिवशी अख्खा वर्ग हसला. मी हसले नाही. मला धक्काच बसला. कारण तेच मराठी तोंडातून बाहेर पडू नये म्हणून मी कॉलेजात तोंडच उघडत नव्हते. आमच्या घरात कानडी आणि गावचं मराठी. अप्पा रेल्वेत गँगमन, अव्वा सोलापूरच्या कारखान्यातून आलेल्या टॉवेलांच्या कडा शिवणारी. दहावीच्या पुढे शिकलेली घरातली मी पहिली. शहरातल्या मुली 'नाही' म्हणायच्या तसं 'नाही' म्हणायला मी वसतिगृहाच्या आरशासमोर सराव करायचे.

पहिल्या तोंडी परीक्षेत मला सगळं येत होतं आणि तरी मी एक शब्द बोलले नाही. मॅडमनी मला सामानाच्या खोलीत नेलं. कापसाच्या गठ्ठ्यावर बसवलं.

"महादेवी, उत्तर म्हाईत होतं?"

मी मान हलवली.

"मग?"

"मॅडम, माझ्या तोंडात 'न्हाय' येतं."

त्या म्हणाल्या, "रुग्ण न्हाय म्हणतो. त्याची आई न्हाय म्हणती. मी तर कुठली कोण, मी न्हाय म्हणते. तू एकटीनंच काय घोडं मारलंय?"

'घोडं मारलंय' हे त्या कुठून शिकल्या देव जाणे. मी रडता रडता हसले. पुढच्या परीक्षेत मी बोलले. त्यानंतर कधी थांबले नाही.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "आधी बघ, मग हात लाव." सुई टोचण्याआधी, जखम धुण्याआधी, अगदी चादर बदलण्याआधीसुद्धा. माणूस कसा पडलाय, कुठला हात जपतोय, डोळे कुठे आहेत, ते बघायचं आणि मगच जवळ जायचं. आम्ही त्यांच्या पाठीमागे या वाक्याची नक्कल करायचो, वडापाव खाण्याआधीसुद्धा. याच वाक्याच्या विरुद्ध मी एक दिवस वागणार होते, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

वॉर्डात त्यांचा चेहरा बघून कुणी ना कुणी बिचकायचंच. सात रस्ता चौकात रिक्षावाले 'नेपाळ का?' विचारायचे. एकदा मोहोळकडचे एक आजोबा सलाइन लावायला आलेल्या मॅडमना बघून पलंगावर मागे सरकले.

"ही चीनची बाई नगं. दुसरी कुणी न्हाय का?"

मॅडमनी हातातला ट्रे खाली ठेवला नाही की चेहरा बदलला नाही. "आजोबा, मी चीनची न्हाय. मी नुसती लांबची हाय."

"लांबची म्हंजे किती लांब?"

"तीन-चार दिवस रेल्वेत. एक दिवस बसमधे. मग अर्धा दिवस चालत."

आजोबांनी हिशेब केला असावा. "एवढ्या लांबनं हितं कशाला आलीस मग?"

"तुमाला सलाइन लावायला."

शेजारच्या पलंगावरचे लोक हसले, आजोबाही हसले आणि हात पुढे केला. घरी जाताना त्यांच्या सुनेने मॅडमना शेंगाचटणीची पुडी दिली. ती मॅडमनी चार दिवसांत कोरडीच खाऊन संपवली. कडक भाकरी तर त्या लहान मुलाने गोळी चघळावी तशी तासन्‌तास चघळत. उलट त्यांच्या घरून कधी काळी आलेल्या आंबवलेल्या सोयाबीनचा डबा त्यांनी एकदाच उघडला. वसतिगृहात कुणी मेलेला उंदीर शोधू लागलं, तेव्हा त्यांनी तो मुकाट्याने बंद केला. नंतर मी एकटीच त्यांच्याकडे गेले आणि चव मागितली. खरं सांगायचं तर घशाखाली उतरेना. पण त्यांना झालेला आनंद मला अजून आठवतो.

त्यांची खोली कॉलेजच्या मागच्या बाजूला होती. दार ठोठावलं की आतून आवाज यायचा, "आत ये! मी बांधलेली हाय!" पहिल्यांदा मी घाबरून दार ढकललं. मॅडम जमिनीवर पाय लांब करून बसल्या होत्या. खिडकीच्या गजांना बांबूची काठी बांधलेली, तिथून ताणलेले लाल-काळे धागे त्यांच्यापर्यंत आलेले, आणि दुसरं टोक कमरेमागून गेलेल्या चामड्याच्या पट्ट्याला. त्या मागे रेलल्या की धागे ताणले जायचे, पुढे झुकल्या की सैल पडायचे. मागाचा अर्धा भाग म्हणजे त्या स्वतःच होत्या.

मी सोलापूरची. आमच्याकडे यंत्रमागांचा खडखडाट सवयीचा. पण एक बाई स्वतःच्या कमरेला कापड बांधून, लाकडी पट्टीने एकेक धागा ठोकत विणते, हे मी कधी पाहिलं नव्हतं. सूत त्या नवी पेठेतल्या एका दुकानातून आणायच्या. तो तेलुगू बोलणारा म्हातारा दुकानदार विणकरांच्याच घरातला. त्याने एकदा विणलेली पट्टी हातावर घेऊन उलटसुलट केली आणि म्हणाला, "बाई, एवढ्या वेळात आमचा माग दोनशे टॉवेल काढतो."

"तुमचा माग कुणाची वाट बघत न्हाय, मामा," मॅडम म्हणाल्या.

पट्ट्या दोन होत्या. प्रत्येक हातभर रुंद, माणसाच्या उंचीएवढी लांब. कमरेच्या मागावर याहून रुंद कापड निघत नाही. अशा दोन पट्ट्या मधोमध जोडल्या की शाल होते. एक पट्टी माझ्या पहिल्या वर्षी विणून झाली, दुसरी दुसऱ्या वर्षी. नक्षी अशी बेतलेली की जोडल्यावर मधले चौकोन बरोबर जुळावेत. पण त्या जोडलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. घडी घालून दोन्ही त्यांच्या पिशवीत असायच्या. सुट्टीला कुठेही गेल्या तरी बरोबर. मला वाटायचं, मॅडमना वेळ मिळत नाही.

तिसऱ्या वर्षी एक दिवस साध्या कपड्यातले दोन गृहस्थ कॉलेजात आले आणि प्राचार्यांच्या खोलीत मॅडमशी तासभर बोलले. आरडाओरडा काही नाही. आत चहा गेला, रिकामे कप बाहेर आले. मग मॅडम सरळ आमच्या वर्गावर आल्या, फळ्यावर 'नाडी' लिहिलं आणि मला पुढे बोलावलं.

"माझी मोज."

मी मोजली. एकशे अठरा. मला वाटलं चुकले. पुन्हा मोजली.

"मोठ्यानं सांग. नॉर्मल हाय का?"

"नाही मॅडम."

"कारण?"

कुणी म्हणालं ताप, कुणी म्हणालं जिना चढून आल्या. मॅडमनी माझ्या हातातून मनगट सोडवून घेतलं. "बघा, रुग्णाची नाडी वाढली की तुमी कारण लिवता. बरोबर हाय. पण एक ध्यानात ठेवा. प्रत्येक कारण चार्टवर लिवून घेता येत न्हाय." आणि पुढचा पाऊण तास त्यांनी नेहमीसारखा शिकवला.

त्यांचा भाऊ 'तिकडे' काहीतरी करतो, एवढी कुजबूज तेव्हा पसरली. विचारायची हिंमत कुणाला झाली नाही. विचारलं ते शेवटी अव्वाने.

चौथ्या वर्षाची परीक्षा मी पहिल्या वर्गात पास झाले. अव्वा म्हणाली, त्या बाईला येळवसेला घरी आण. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावास्या. त्या दिवशी घरी कुणी जेवत नाही. सगळे शेतात जातात, ज्वारीत खोप करून पूजा होते, आणि मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील असं तिथेच जेवण. आमचं शेत ते केवढं, चुलत्याच्या वाट्यातला एक तुकडा. पण मॅडम आल्या. पाठीवर तीच पिशवी.

अव्वाने दारातच हात जोडले. बाहेरची माणसं आली की ती मराठीत अडखळते. मॅडमनी चपला काढल्या आणि कानडीत म्हणाल्या, "अव्वा, ऊटा आयता?"

जेवण झालं का, एवढंच. पण अव्वाचा चेहरा मला विसरता येत नाही. डोंगरांच्या पलीकडून आलेली बाई तिच्या भाषेत बोलत होती! दुसऱ्या क्षणी ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अगं, ही बेंगळुरूची साहेबी कानडी! आमच्यात 'ऊट आतेन' म्हणतात. बर्री, कुंदर्री." या, बसा. त्यानंतर दोन दिवस त्या दोघी कानडीत आणि मी मध्ये उगाच. मराठीत 'मॅडमबाई' म्हणणारी अव्वा कानडीत त्यांना पहिल्या तासातच 'इनाली' म्हणू लागली.

शेतात जेवणं झाली, आंबिलीचा दुसरा तांब्या फिरला, तेव्हा अव्वाने विचारलं, "घरी कोण कोण?"

"आई. आणि कितो. माझा धाकटा भाऊ. तो घरी नसतो. जंगलात असतो. सीमेच्या पलीकडे."

"काय करतो जंगलात?"

मी खाली बघितलं. मॅडमनी मात्र सरळ सांगितलं. तिकडे एक संघटना आहे. तिला आपला वेगळा देश हवा आहे, त्यासाठी ती बंदूक घेऊन लढते. आजोबांच्या काळापासून हे चाललंय. कितो एकोणीस वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर गेला.

अव्वा विचारात पडली. "वेगळा देश म्हंजे? आता हाय त्यात काय होतंय?"

"अव्वा, आमच्या मामाचं गाव डोंगराच्या त्या उतारावर. मध्ये कुणीतरी रेघ मारली. मामा त्या देशात, आई या देशात. आम्हाला कुणी विचारलं नाही, असं आमचे म्हातारे म्हणतात."

"रेघ तर आमच्याबी मधी हाय की," अव्वा म्हणाली. "माझं माहेर कर्नाटकात. सासर महाराष्ट्रात. ते पुढारी भांडत्यात. पर यष्टी जाती."

मॅडम इतक्या हसल्या की आंबील सांडली. हसता हसताच म्हणाल्या, "तेच तर, अव्वा. तुमच्या रेघेवरून यष्टी जाते."

मग त्या आपणहून बोलत राहिल्या. संध्याकाळी संघटनेची मुलं जेवायला यायची. नको म्हणायची सोय नव्हती, आणि त्यातली निम्मी गावचीच, आईने नावानिशी ओळखलेली. सकाळी जवान यायचे, काल कोण जेवलं विचारायला. आई दोघांनाही चहा करायची, त्याच कपांतून. एकदा जवानांनी गावातल्या सगळ्या पुरुषांना दिवसभर मैदानात बसवून ठेवलं, त्यात कितोही होता. त्यानंतर तो घरात बोलेनासा झाला. मॅडम तेव्हा बेंगळुरूला शिकत होत्या. जायच्या आदल्या दिवशी त्याने फोन केला. कुठे जातोय हे सांगितलं नाही, पण त्यांना कळलं. तो म्हणाला, "ताई, मला एक शाल विण. डोंगरात थंडी असते." आणि मॅडम रागाने म्हणाल्या, "घरात बस, म्हणजे थंडी वाजणार नाही." फोन ठेवला. तो शेवटचा फोन.

"तो चुकला असं मी म्हणत न्हाय," हे त्या माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "आणि बरोबर असंबी म्हणत न्हाय. दोन्ही बाजूंची माणसं मी पुरलेली पाहिली. मला एवढंच म्हाईत हाय, की तो थंडीत हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा मॅडमना होटगीचं जंक्शन दाखवायला घेऊन गेले. रेल्वे माणसाचा तो अभिमान. घरात मी आणि अव्वा. अव्वाच्या मनात घोळत होतं, या बाईला काय द्यावं. साडी ती नेसत नाही. पैसे तर देणं शोभायचंच नाही. मी म्हणाले, "अव्वा, त्यांच्या शालीच्या दोन पट्ट्या केव्हापासून तशाच पडल्यात. वेळ मिळत न्हाय त्यांना. तू जोडून दे की."

शाल कुणासाठी ते मला कालच कळलं होतं. वाटलं, भाऊ येईल तेव्हा तयार असली तर किती बरं.

अव्वाने पट्ट्या पिशवीतून काढल्या आणि बराच वेळ नुसता हात फिरवत राहिली. मशीनवर नाही घातल्या. असल्या कापडाला मशीन शोभत नाही म्हणाली. लाल दोरा निवडला, दारात उजेडाला बसली, आणि हाताने, उंदराच्या दातांएवढे बारीक टाके घालत चौकोनाला चौकोन जुळवत गेली. चाळीस वर्षं कडा शिवणाऱ्या हाताचं ते सर्वांत चांगलं काम होतं. दोन तास लागले.

मॅडम आल्या. अव्वाने शाल उलगडून दोन्ही हातांवर त्यांच्यापुढे धरली, लेकीची ओटी भरावी तशी.

मॅडम उंबऱ्यावरच थांबल्या. शालीला हात लावला नाही. मग हळूच उंबऱ्यावर बसल्या. त्यांचा चेहरा मी वॉर्डात मृत्यू झाल्यावरही तसा पाहिला नव्हता.

"काय चुकलं काय?" अव्वाने विचारलं.

"टाके फार सुंदर आहेत, अव्वा," त्या कानडीत म्हणाल्या. आणि मग सांगितलं. त्यांच्या घरची रीत होती, आजीपासूनची. घरातला माणूस दूर गेला, की त्याची शाल विणून ठेवायची पण जोडायची नाही. तो परत येतो, चुलीपाशी बसतो, आणि त्याच्यादेखत मधली शिवण घालतात. तो नसताना शिवण घालतात ती एकाच वेळी. तो येणार नाही हे नक्की झाल्यावर, त्याच्या नावाने पुरायला.

अप्पांनी टोपी काढून हातात घेतली. माझ्या कानात एकच वाक्य वाजत होतं: आधी बघ, मग हात लाव. मी चार वर्षं त्या पट्ट्या बघत होते आणि एकदाही विचारलं नव्हतं.

"अव्वाचा दोष नाही मॅडम, मीच..." मी सुरुवात केली.

"ब्लेड आणू का?" अप्पा म्हणाले.

"ब्लेड नगं," अव्वा म्हणाली. एवढा वेळ ती शालीकडेच बघत होती. "ब्लेडनं दोरा तुटंल. दोरा तोडायचा न्हाय." ती मॅडमच्या शेजारी उंबऱ्यावर बसली, सुई घेतली, आणि शेवटच्या टाक्यापासून एकेक टाका उलटा काढू लागली. मॅडमनी दुसरं टोक धरलं. दोन तासांचं काम उसवायला तीन तास लागले. निघेल तसा दोरा अव्वा पुठ्ठ्यावर गुंडाळत गेली. शेवटी पट्ट्या सुट्या झाल्या तेव्हा तिने पुठ्ठा वर धरला.

"हे बघ इनाली. टाका घातला, पर गाठ न्हाय मारली मी. गाठ मारायची राहिली हुती. गाठ नसंल तर शिवण धरत्यात का तुमच्यात?"

गाठ मारली होती. मी स्वतः बघितली होती. मॅडमनीही ती उसवताना पाहिली असणार. त्या अव्वाकडे बघत म्हणाल्या, "नाही धरत, अव्वा."

"मग झालं तर. हाच दोरा परत घालायचा. तो आल्यावर."

त्यानंतर वर्षभराने, मी त्याच रुग्णालयात नोकरीला लागले होते तेव्हाची गोष्ट. दुपारी मॅडम वॉर्डात आल्या आणि माझ्यापुढे मनगट धरलं. "मोज."

"एकशे बावीस. मॅडम, कारण?"

"गावच्या चर्चच्या पाळकांचा फोन आला. शस्त्रसंधी झालीय. सीमेपलीकडून काही पोरं छावणीत आलीत. त्यात एक कितो हाय." मग कोरड्या आवाजात, "पण कितो नाव आमच्याकडं लई असतं."

आठ दिवसांत त्या निघाल्या. बेंगळुरू, गुवाहाटी, दिमापूर, आणि पुढे बस. अप्पांनी गाड्यांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या. सोलापूर स्टेशनवर अव्वाने एक चादर दिली, इथलीच, जाड, मोरांची. आणि कनवटीचा पुठ्ठा काढला. मॅडमनी चादर घेतली. दोऱ्याचा पुठ्ठा मात्र अव्वाच्या मुठीत परत मिटवला.

"हा तुमच्याकडं ठेवा. तो घरी आला की मी फोन करते. तुम्ही यायचं. टाके तुम्हीच घालायचे."

"मी? एवढ्या लांब?" अव्वा अक्कलकोटच्या पलीकडे फारशी गेलेली नव्हती.

"रूळ हितनं तितपतूर एकच हाय," अप्पा म्हणाले. "मी आणतो की हिला."

महिन्याभराने फोन आला. तो तोच कितो होता. एका कानाने ऐकू येत नाही, बारीक झालाय, पण तोच. अव्वाने देवापुढे साखर ठेवली आणि विचारलं, "मग कधी निघायचं?"

मॅडमनी समजावून सांगितलं. कितो छावणीत आहे, घरी नाही. सरकारची आणि संघटनेची बोलणी चालू आहेत. ती संपेपर्यंत मुलांनी छावणीतच राहायचं. हत्यार खाली ठेवून एकट्याने घरी जाता येतं, पण तो म्हणतो, शपथ घेतलीय, सगळे जातील तेव्हा जाईन. "मी पट्ट्या नेल्या होत्या. एक या खांद्यावर ठेवली, एक त्या. म्हणाला, ताई शिव ना. मी म्हटलं, घरी ये. म्हणाला, बोलणी संपली की येतो." मग म्हणाल्या, "अव्वा, बोलणी मी लहान असल्यापासून चालू आहेत."

"मग पांघरतो काय?"

"तुमची चादर. मोरांची. छावणीत सगळे मागतात, तो कुणाला देत नाही."

याला आता तीन वर्षं झाली. मॅडम गावच्या आरोग्य केंद्रात काम करतात, महिन्यातून एकदा डबा घेऊन छावणीत जातात. आमच्याकडे परत येण्याचं त्या बोलत नाहीत, मीही विचारत नाही. वॉर्डात नवीन मुली आल्या की मी त्यांना 'आधी बघ, मग हात लाव' शिकवते. कधी कधी मागच्या खोलीवरून जाताना दार ठोठावावंसं वाटतं. तिथे आता दुसरं कुणी राहतं.

वहिनीने दोरा घेतला त्याच रविवारी सकाळी आम्ही व्हिडिओ कॉल लावला. तिकडे नेट क्वचित मिळतं. त्या दिवशी लागला. मॅडमच्या कानामागे केस पांढरे दिसले. वहिनीची ओळख झाली. मॅडमनी तिला विचारलं, "लई काम लावत न्हाय ना महादेवी?" वहिनी त्या मराठीला चकित होऊन हसली. मग त्यांनी फोन फिरवून घर दाखवलं. चूल, चुलीशेजारी बसकी तिवई, मागे लाकडी भिंत. भिंतीवर दोन खिळे, आणि त्यांवर त्या दोन लाल-काळ्या पट्ट्या. एक दाराच्या या बाजूला, एक त्या.

अव्वाने चष्मा लावून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन कानडीत म्हणाली, "इनाली, जोडू नको. पण जरा जवळ जवळ तरी अडकव की गं. एवढ्या लांब लांब नको."

मॅडमनी फोन कशाला तरी टेकवून ठेवला. आम्हाला त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी एक खिळा उपटला, दाराच्या अलीकडे आणला, दगडाने ठोकला. पट्टी अडकवली. कड कडेला लागेना, म्हणून पुन्हा उपटला, पुन्हा ठोकला. मग दोन्ही पट्ट्या एकमेकींना लागून उभ्या राहिल्या. चौकोनाला चौकोन, मध्ये केसाएवढी फट.

त्या आमच्याकडे वळल्या. धापा टाकत होत्या. "इष्टु साका, अव्वा?" एवढं पुरे का?

"साकु," अव्वा म्हणाली.

तेवढ्यात चित्र अडकलं. मॅडम तशाच राहिल्या, एका हातात दगड, दुसरा हात त्या फटीवर सपाट ठेवलेला.